चपटी

गल्लीनं त्या गाडीचं नाव पहिल्याच दिवशी ठेवून टाकलं: चपटी. शब्दाचा दुसरा अर्थ, दारूची लहान बाटली, लहानथोरांना ठाऊक असल्यामुळे ‘लिफ्टवाल्यानं घरात चपटी आणली’ हा विनोद कितीतरी महिने जिन्यात आणि किराणा दुकानात पुरला.

लिफ्टवाला म्हणजे उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा, नखांत कायम ग्रीस अडकलेला एक हसतमुख माणूस. त्याची बायको कोट शिवणाऱ्या एका वर्कशॉपात कापड बेतायची. मापं बघून आखणी करायची आणि कातर चालवायची. शिवायचं काम दुसऱ्यांचं. तिथं तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे आणि पुढे गल्लीतही तेच नाव रुजलं.

गाडी इटलीची होती. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, पुढून पाचरीसारखी निमुळती. कंपनी अशी, की तिचं नाव घेताना गाड्यांचे शौकीन आवाज खाली आणतात. पण त्या कंपनीच्या बाकीच्या गाड्या गोल वळणांच्या, लाडात वाढल्यासारख्या, आणि ही सगळी सरळ रेघांची. त्यात मागे दोन चिमुकल्या सीटा, म्हणजे धड शर्यतीची नाही आणि धड कुटुंबाचीही नाही. दर्दी लोक हिच्याकडे बघून नाक मुरडायचे. ज्या व्यापाऱ्यानं ती हौसेनं घेतली होती त्याचे पाहुणे दर वेळी विचारायचे, “ही पण त्यांचीच का?” तेच तेच ऐकून तो कंटाळला. गाडी त्याच्या इमारतीच्या तळघरात जाऊन पडली, टायर बसले, आणि एक दिवस तो लिफ्ट बघायला आलेल्या आपल्या लिफ्टवाल्याला म्हणाला, “हवी तर ओढून ने बाबा. माझी जागा तरी मोकळी होईल.”

दोरानं ओढत गाडी घरी आली तेव्हा लिफ्टवाल्यानं सगळ्यात आधी मागचं झाकण उचललं. इंजिन तिथं होतं, मागच्या सीटांच्या पाठीला लागून. तो खांद्यापर्यंत आत शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मास्तरीणबाई गाडीभोवती फिरत होती. पत्र्यावर बोटभर धूळ होती. तिनं एक फडकं घेऊन दाराखालून जाणारी रेघ पुसायला घेतली आणि पुसत पुसत पुढच्या दिव्यापर्यंत गेली, मग तशीच उलटी मागच्या दिव्यापर्यंत आली. रेघ कुठं अडखळली नाही.

“अहो, ही कुणी बेतलीय?”

“काय?” आवाज इंजिनातून आला.

“ही. हे वरचं सगळं.”

“असेल कुणी इटलीवाला. तू इकडे ये, हे बघ. आठ सिलिंडर आहेत.”

तिनं आठ सिलिंडर बघितले, कौतुकानं मान हलवली आणि परत फडकं घेऊन पुढे गेली.

त्या दिवशी तिला काय दिसलं ते तिनं नवऱ्याला पुढे अनेकदा समजावून सांगितलं. तिच्याकडे एकदा पाठीला कुबड असलेल्या एका माणसाचा कोट आला होता. वर्कशॉपातल्या बाकीच्या बेतणाऱ्यांनी तो एकमेकांकडे ढकलत ढकलत तिच्या टेबलापर्यंत आणला. तिनं कुबड झाकायला कापूस भरला नाही. खांद्याची शिवण मागे नेली, खिसा जरासा खाली घेतला, पाठीचा मधला जोड एका बाजूला वळवला. तो माणूस कोट चढवून आरशासमोर उभा राहिला, कॉलर नीट केली आणि ‘चला, उशीर झाला’ म्हणून निघून गेला. कोटाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. आपल्या पाठीकडे बघायचं तो विसरला होता, आणि त्याच आनंदात मास्तरीणबाई आठवडाभर होती.

“आता ही गाडी बघा,” ती सांगायची. “दोघांसाठी सुंदर गाडी कुणीही काढेल. इथं चार माणसं बसवायची, वर इंजिन मध्ये ठेवायचं, आणि लांबी वाढवायची नाही. कापड तेवढंच. मग त्यानं काय केलं? पुढची काच पार पुढे ढकलली. इंजिनाला श्वास घ्यायला भोकं हवीत, ती खिडकीच्या मागे काळ्या पट्ट्यांत लपवली, खिडकीच लांबलीय असं वाटतं. मागची काच सरळ उभी केली आणि दोन्ही बाजूंनी हे उतरते पंख ठेवले. बाजूनं बघितलं तर टप शेपटीपर्यंत घसरत गेल्यासारखं दिसतं. या गाडीला कुबड आहे अहो, आणि ते कुणाला दिसत नाही.”

“मला तर बाई पेटी दिसते,” लिफ्टवाला म्हणायचा. पण ऐकून घ्यायचा. त्याचा जीव इंजिनात होता आणि तिचा पत्र्यात, त्यामुळे एका गाडीवर दोघांचं भांडण कधी झालं नाही. त्यानं वर्षभर खपून इंजिन जागं केलं. तिनं सीटांची जुनी कातडी उसवली, तिच्यावरून नवी बेतली आणि घरच्या मशीनवर शिवली. सुट्टीच्या दिवशी दोघं मुलाला मागे कोंबून शहराबाहेरच्या रस्त्याला जायची. मुलाचे गुडघे हनुवटीला लागायला लागले तेव्हा तो यायचा बंद झाला. ही दोघं जात राहिली. कुठं थांबली तर मास्तरीणबाई उतरून चार पावलं लांब जाऊन उभी राहायची आणि गाडीकडे बघायची. लिफ्टवाला हॉर्न वाजवायचा, तेव्हा ती परत यायची.

लिफ्टवाला निवृत्त झाला आणि थोड्याच काळात त्याच्या डोक्यातले दिवे एकेक करून जायला लागले.

आधी शब्द गेले. पान्याला तो ‘ते हे’ म्हणायला लागला. मग घरातल्या वस्तू हरवायला लागल्या आणि त्या चोरल्याचा आळ बायकोवर यायला लागला. मग एक दिवस त्यानं मुलाला दारात थांबवून अदबीनं विचारलं, “आपण कोणाकडे आलात?” डॉक्टरांनी सांगितलं की हे आता असंच उतरत जाणार. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, तो सुट्टीच्या दिवशी येऊन बसायचा, बापाच्या नखांत आता ग्रीस नाही याच्याकडे बघत राहायचा आणि जायचा.

गाडीत बसवलं की मात्र लिफ्टवाला शांत व्हायचा. घरात घास तोंडात घेऊन बसणारा माणूस गॅरेजमध्ये, स्टिअरिंगमागे बसून मुकाट्यानं जेवायचा. म्हणून मास्तरीणबाई रोज शटर उघडून त्याला तिथं बसवायची आणि किल्ली स्वतःच्या कमरेला ठेवायची. त्यानं कधीकाळी दुसरी एक किल्ली करून घेतली होती आणि सीटखाली चिकटपट्टीनं लावून ठेवली होती, हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यालाही ते आठवत होतं असं नाही. त्याच्या बोटांना आठवलं असावं.

एका सकाळी ती वर चहा आणायला गेली आणि खाली इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. क्षणभर तिला बरंच वाटलं, कारण तो आवाज तिच्या चांगल्या दिवसांचा होता. दुसऱ्या क्षणी कप तिथंच टाकून ती जिन्यावरून धावली.

समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक नर्सबाई राहायच्या. आयुष्यभर इस्पितळात रात्रपाळ्या केलेल्या, लग्न न केलेल्या, कडक बोलण्याच्या. गल्लीत कुणाला इंजेक्शन हवं असलं की लोक त्यांच्याकडे जायचे. त्या पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. गाडी गॅरेजमधून सुटलेल्या जनावरासारखी बाहेर आली आणि तिच्या निमुळत्या टोकानं त्यांना कमरेत उचललं.

मास्तरीणबाई पोचली तेव्हा गाडी समोरच्या भिंतीपाशी बंद पडली होती. लिफ्टवाला आत बसून गिअर टाकत होता आणि काढत होता. नर्सबाई शुद्धीवर होत्या. त्या जमिनीवरूनच लोकांना सांगत होत्या, “मला उचलू नका. फळी आणा. आधी फळी आणा.”

त्या जगल्या. पण कंबर आणि मांडीचा सांधा असा काही चुरला होता की दोन ऑपरेशनं होऊनही त्या चालू शकल्या नाहीत. त्यांची भाची नोकरी करून जमेल तसं बघायची; सकाळी ती कामावर गेली की नर्सबाई खिडकीशी चाकाच्या खुर्चीत एकट्या. पोलीस आले, डॉक्टरांशी बोलले, लायसन्स घेऊन गेले. लिफ्टवाल्यावर कसला खटला चालवणार? तो पोलिसांनाच लिफ्टचा दरवाजा नीट लावून घ्यायला सांगत होता.

मास्तरीणबाई रोज सकाळी, वर्कशॉपात जायच्या आधी, नर्सबाईंकडे जायला लागली. अंग पुसून द्यायची, कपडे बदलायची, पाय हलवून घ्यायची. नर्सबाईंनी तिला ये म्हटलं नाही आणि येऊ नकोही म्हटलं नाही. कामापुरत्या सूचना द्यायच्या, तेवढंच. “हात असा नको, काखेतून घाला.” मास्तरीणबाई काखेतून घालायची.

घरी आल्यावर नवरा विचारायचा, “अगं, समोरच्या नर्सबाई हल्ली दिसत नाहीत. गावाला गेल्या का?”

“हो,” ती म्हणायची.

“चांगली बाई. इंजेक्शन देते तर कळत नाही.”

हे तो जवळजवळ रोज विचारायचा, आणि ती रोज तेच उत्तर द्यायची.

मुलगा म्हणाला, “आई, ती गाडी आधी घालव. आजच्या आज.”

“ते जेवणार कुठं?”

“म्हणजे जेवायला गाडी ठेवायची का आपण? एका बाईचं आयुष्य गेलं त्यात.”

“मला माहीत आहे काय गेलं ते. मी रोज तिला आंघोळ घालते,” मास्तरीणबाई म्हणाली. मग मुलानंच एक मिस्त्री शोधून आणला.

हा मिस्त्री जुन्या गाड्यांच्या नकला बनवायचा. त्या इटलीच्या कंपनीची एक गोल वळणांची लाल गाडी होती, जिच्यासाठी श्रीमंत लोक जीव टाकत. खरी कुणाला मिळायची नाही, म्हणून हा पत्रा ठोकून तशीच दिसणारी बनवून द्यायचा, आणि आत घालायला त्याला त्याच कंपनीचं इंजिन लागायचं. त्यानं चपटीचं मागचं झाकण उचललं आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटल्याचं स्पष्ट दिसलं.

“काकू, काय ठेवलंय हो यांनी इंजिन! तोड नाही. हे आणि गिअरबॉक्स मी घेतो. बाकीचं भंगारात घालायची व्यवस्थासुद्धा मीच करतो.”

“बाकीचं म्हणजे?”

“हे वरचं. याला कोण विचारतंय? पुष्कळ जणांनी अशा गाड्या याचसाठी फोडल्या. इंजिन काढायचं आणि डबा टाकून द्यायचा.” बोलता बोलता तिचा चेहरा त्याच्या लक्षात आला असावा, तो जरा नरमला. “मला वाईट वाटत नाही असं नाही. पण गिऱ्हाईकच नाही.”

मास्तरीणबाईनं झाकण खाली केलं. “मग डबा राहू दे इथंच. आतलं घेऊन जा.”

मुलानं कपाळावर हात मारला. पण त्या दिवसापुरती तरी वाट निघाली होती: नवऱ्याला बसायला गाडी राहील आणि ती कुणाला मारणार नाही.

लिफ्टवाल्याला तपासणीसाठी घेऊन मुलगा बाहेर गेला तेव्हा मिस्त्रीनं साखळीची कप्पी लावून इंजिन बाहेर काढलं. जड होतं ते. निघताक्षणी गाडीचा मागचा भाग हळूहळू वर आला, आणि वर येऊन थांबला. स्प्रिंगवरचं ओझंच गेलं होतं. नाक खाली, शेपूट वर. पुढच्या दिव्यापासून निघालेली रेघ आता कुठंतरी आकाशात चालली होती. उतरते पंख विनोदी दिसत होते. मास्तरीणबाईला वाटलं, आता ही खरंच लोक म्हणतात तशी दिसतेय.

“वाळू मिळेल का?” तिनं विचारलं.

“वाळू?”

“पोत्यात भरून. मागे ठेवायची. होती तेवढी खाली बसली पाहिजे.”

“काकू, ही आता चालायची नाही. उभ्या गाडीला काय फरक पडतो?”

“मला पडतो.”

मिस्त्री माणूस वाईट नव्हता. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून त्यानं पोती आणली आणि इंजिनाच्या रिकाम्या खड्ड्यात एकेक ठेवत गेला. ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून हात खालीवर करत सांगत होती. “अजून एक. नाही, आता जास्त झालं, अर्धं काढा.” शेवटी रेघ जागेवर आली. तेव्हा तिला जाणवलं की आपण नर्सबाईंच्या खिडकीला पाठ करून उभ्या आहोत. ती वळली नाही. तशीच घरात गेली.

संध्याकाळी लिफ्टवाला गाडीत बसला, त्यानं किल्ली मागितली. आता द्यायला हरकत नव्हती. त्यानं ती फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. मग तो उतरला, मागे गेला, झाकण उचललं आणि वाळूच्या पोत्यांकडे बघत उभा राहिला. घरातल्या माणसांची नावं त्याला आठवत नव्हती, पण तिथं काय असायला हवं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

“चोर,” तो म्हणाला. “चोर आहेस तू.”

तिनं त्याला धरायला हात पुढे केला. त्यानं तो हात धरला, उजवा, आणि झाकण खाली आपटलं.

अंगठा दोन ठिकाणी मोडला. प्लास्टर निघालं तरी तो वळेना. कातरीच्या कड्यात घालून जड कापडावर जोर द्यायचा तर हाताला कळ यायची आणि रेघ हलायची. वर्कशॉपच्या मालकानं तिला चांगल्या शब्दांत थांबायला सांगितलं. टेबल आवरताना तिच्याबरोबरच्या बायका रडल्या. ती रडली नाही, तिला घरी जायची घाई होती, तो शेजारणीकडे सोपवलेला होता.

मग महिन्यांवर महिने तसेच गेले. लिफ्टवाल्याचा राग गेला, कारण राग धरायलाही काही आठवावं लागतं. किल्ली मागायचं तो विसरला. मग स्टिअरिंगकडे जायचं विसरला. जो दरवाजा उघडा दिसेल त्यात बसायचा. इंजिन हा शब्द गेला, गाडी हा शब्द गेला.

एका दुपारी शटरमधून तिरकं ऊन आत आलं होतं. ती त्याला आत बसवायला म्हणून घेऊन आली, तर तो बसेना. गाडीच्या बाजूला उभा राहिला. मग त्यानं तळहात पत्र्यावर ठेवला आणि दाराखालच्या रेघेवरून फिरवत हळूहळू मागे चालत गेला. खिडकीमागच्या काळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवली, उतरत्या पंखावरून हात खाली घसरू दिला. टोकापर्यंत जाऊन परत आला, परत गेला. इतकी वर्षं या माणसानं ती गाडी बाहेरून कधी धड बघितली नव्हती.

“छान आहे,” तो म्हणाला.

मास्तरीणबाई जागच्या जागी उभी राहिली.

“कुठं अडकत नाही,” तो म्हणाला. हात अजून फिरत होता. मग तिच्याकडे वळून, एखाद्या अनोळखी बाईला विचारावं तसं त्यानं विचारलं, “तुम्ही बेतलीत का?”

हा शब्द त्याच्या डोक्यात कुठल्या कोपऱ्यात शिल्लक राहिला होता कोण जाणे. त्याला तिचं नाव आठवत नव्हतं, ती कोण ते कळत नव्हतं, तिचा अंगठा त्यानंच मोडला होता.

“हो,” ती म्हणाली. “मीच.”

“अवघड असेल.”

“कापड कमी होतं.”

त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि पुन्हा हात फिरवायला लागला.

त्यानंतर तो काही असं पुन्हा बोलला नाही. थंडीत छाती भरली, इस्पितळात नेलं, तिथल्या पलंगावर तो उठून बसायचा आणि पाय खाली सोडून कुठल्यातरी मजल्याची वाट बघायचा. एका सकाळी मुलगा पाणी आणायला गेला असताना त्याचा श्वास थांबला. मास्तरीणबाई शेजारीच होती. तिनं त्याचा हात उचलून त्याच्या छातीवर ठेवला आणि तिथल्या नर्सला बोलावलं.

दिवसकार्य उरकल्यावर ती पुन्हा समोरच्या घरी सकाळी जायला लागली. नर्सबाईंनी दोन शब्द सांत्वनाचे म्हटले, आणि कपडे बदलून झाल्यावर, खुर्ची खिडकीकडे वळवू नका असं पहिल्यांदाच सांगितलं.

“का हो?”

“शटर उघडं आहे तुमचं.”

मास्तरीणबाईनं बाहेर बघितलं. सकाळी झाडायला म्हणून तिनं शटर वर केलं होतं, ते तसंच राहिलं होतं. आत चपटी उभी होती, गल्लीकडे तोंड करून.

“ते होते तोवर मी बोलले नाही,” नर्सबाई म्हणाल्या. “आजारी माणसाचं मी समजू शकते, जन्म त्यातच गेला माझा. आता ती कुणासाठी ठेवलीय?”

मास्तरीणबाईला खोटं बोलता आलं असतं. “माझ्यासाठी,” ती म्हणाली.

“काय आहे तिच्यात?”

असं तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. ती खुर्चीच्या पायाशी बसली आणि सांगत गेली: रेघ कशी निघते, काच का पुढे ढकलली, श्वासाची भोकं कुठं लपवली, लोक तिला पेटी म्हणतात ते का चूक आहे. बोलताना तिचा मोडका अंगठा हवेत आखणी करत होता. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“खरं असेल,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कळतं त्यातलं. पण मला त्यातलं काही दिसत नाही. मला ते पुढचं टोक दिसतं. ते बरोबर इथं लागतं.” त्यांनी कमरेवर हात ठेवला. “तुम्ही म्हणता ना, त्यानं सगळं मापून केलं. मला रोज वाटतं, ते माझ्याच मापाचं केलंय.”

मास्तरीणबाई उठली, बादली उचलली, पाणी ओतून आली.

तिनं मिस्त्रीला फोन केला. वरचा पत्रा कुणाला हवा असेल तर, कुणी ठेवणारा, जपणारा? मिस्त्रीनं खरंच चौकशी केली. चार ठिकाणी विचारून त्यानं उलटा फोन केला आणि ओशाळून सांगितलं की काकू, कुणी नाही. ती काही दिवस घरात बसून राहिली. शटर बंद ठेवलं तर नर्सबाईंना गाडी दिसणार नाही, हे तिला कळत होतं. पण बंद शटरमागे काय आहे हे त्या विसरतील का, याचं उत्तरही तिला ठाऊक होतं. शेवटी तिनं मुलाला सांगितलं, भंगारवाल्याला बोलाव.

भंगारवाला लहान ट्रक घेऊन आला. अख्खी गाडी त्यात मावणारी नव्हती. वाळूची पोती उतरवून गाडी बाहेर ढकलली तेव्हा तिची शेपूट पुन्हा वर झाली. दोन तुकडे करावे लागतील, तो म्हणाला, आणि गॅसची बत्ती जुळवायला लागला. मुलगा म्हणाला, “आई, तू आत जा.”

ती आत गेली आणि आखणीचा खडू घेऊन बाहेर आली. डाव्या हातात धरून तिनं दाराच्या मागून टपापर्यंत आणि टपावरून पलीकडे एक रेघ ओढली. डाव्या हाताची सवय नव्हती, तरी रेघ सरळ आली.

“इथून काप,” तिनं भंगारवाल्याला सांगितलं. “इथं जोड आहे. कुठूनही कापशील तर दिवस जाईल तुझा.”

तो खांदे उडवून कामाला लागला. गल्लीतली चार माणसं जमली. कुणी हसलं नाही. रंग जळाल्याचा काळा धूर निघाला, मग पत्रा पिवळा झाला, लाल झाला, उघडला. मास्तरीणबाई शेवटपर्यंत उभी राहिली आणि बत्ती खडूवरून सरकली की ‘हं, इकडे’ म्हणत राहिली. दोन तुकडे वेगळे झाले तेव्हा मोठा आवाज झाला. ट्रकमध्ये पुढचा भाग मागच्या भागावर उलटा घातला, दोर आवळला आणि ट्रक गेला.

मुलगा तिला आपल्या घरी चल म्हणत होता. ती म्हणाली, मागाहून बघू. तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

नर्सबाईंनी सगळं खिडकीतून बघितलं होतं. मास्तरीणबाईनं पाणी तापवलं, बादली आणली, काखेतून हात घालून त्यांना खुर्चीतून पलंगावर घेतलं. पाठ पुसताना तिनं एकच जागा पुन्हा पुन्हा पुसली.

“बसा जरा,” त्या म्हणाल्या. “पाणी गार झालं तरी चालेल.”

मास्तरीणबाई पलंगाच्या कडेला बसली. पाणी खरंच गार झालं. मग तिनं उठून ते पुन्हा तापवायला ठेवलं.